वरचा मजला, खालचा मजला

“रुबीची बदली आजपासूनच,” इस्पितळाचे संचालक डॉक्टर बेनाविदेस म्हणाले आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

यानेथ टेबलापलीकडे बसली होती. तिची कॉफी कधीच निवली होती. पास्तो शहरातल्या या इस्पितळात चूक झाली तर माणसं ती बोलून दाखवतात की गिळून टाकतात, हे मोजायला विद्यापीठाने तिला पाठवलं होतं. प्रसूती विभागाच्या दोन्ही मजल्यांवर तिने प्रश्नावली वाटली. नाव लिहायचं नाही, कुणाला त्रास होणार नाही, असा शब्द दिला. मजला मात्र लिहायचा होता.

वरच्या मजल्याने लिहिलं, चुका नाहीत, भीती नाही, सगळं उत्तम. खालच्या मजल्याने पानंच्या पानं भरली. चुकीचं सलाईन. अदलाबदल झालेले रक्ताचे नमुने. बाळाच्या मनगटावर दुसऱ्याच आईच्या नावाची पट्टी. रुबी त्या मजल्याची मुख्य परिचारिका होती.

यानेथने संचालकांना परोपरीने समजावलं. माणसं न घाबरता चुका सांगतात, तोच मजला सुरक्षित. डॉक्टर बेनाविदेस हसले.

“म्हणजे ज्या गल्लीत सगळ्यात जास्त चोर, तीच गल्ली सगळ्यात सज्जन म्हणायची का?”

यानेथला बसवेना. दोन मिनिटांत येते म्हणून ती उठली आणि धावतच जिना उतरली.

रुबी एका बाळंतिणीची नाडी बघत होती. यानेथने तिला बाजूला घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. माझ्यामुळे झालं, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. रुबीने बदलीबद्दल काहीच विचारलं नाही. खिडकीजवळच्या बाईचा रक्तस्राव अजून थांबला नाहीये, तिच्याकडे कोण बघणार, एवढंच विचारलं.

“तुम्ही मुलींना हे सगळं लिहू का दिलंत?” यानेथने विचारलं.

“आमच्याकडे एकच रीत आहे. चुकलं की आधी ओरडायचं, रडायचं ते नंतर.” रुबीने पलीकडच्या तरुण नर्सकडे मान वळवली. मागच्या आठवड्यात त्या मुलीने एका बाळंतिणीला भलतंच इंजेक्शन टोचलं होतं. अर्धं गेलं आणि तिच्या लक्षात आलं. तिने तिथेच आरडाओरडा केला, सगळे धावले. ती बाई बाळाला घेऊन चालत घरी गेली.

“आणि वरच्या मजल्यावर?”

“वर कुणाचं चुकत नाही, डॉक्टरीणबाई. तिथे पेशंट आपोआप बिघडतात.”

यानेथ परत वर आली तेव्हा सही झालेली होती. मी माझी पाहणी मागे घेते, ती म्हणाली. डॉक्टर बेनाविदेस शांतपणे म्हणाले की, आकडे आता इस्पितळाचे आहेत. ती आणखी काही बोलणार तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला.

पलीकडून दारावरची बाई घाईघाईने बोलत होती. तिचा आवाज यानेथपर्यंत येत होता. साहेबांच्या मुलीला, इंग्रिदला, कळा सुरू झाल्या होत्या. जावई तिला घेऊन आले होते. बाळ आडवं वाटत होतं. वरच्या मजल्यावरची मोठी खोली झाडून तयार होती, तिकडेच न्यायचं ना?

डॉक्टर बेनाविदेस उठून उभे राहिले. पलीकडची बाई “हॅलो, हॅलो” करत होती. मग त्यांनी यानेथकडे पाठ केली आणि आवाज अगदी खाली आणला.

“वर नको. खाली न्या. आणि रुबीला सांगा, मी येईपर्यंत पोरीजवळून हलायचं नाही.”