आतली रेघ

सेवेतून काढलेली रेल्वेची डिझेल इंजिनं कापायची दाजी आणि मेहुण्याची ठरलेली रीत होती. मेहुणा पोकळ इंजिनात शिरायचा. दाजी बाहेरून हातोडीनं पत्रा ठोकायचे, आतून ठोका आला की दोघं गॅस कटर पेटवायचे आणि एकाच रेघेवर दोन टोकांकडून, एक आतून नि एक बाहेरून, कापत यायचे.

आजही आतून ठोका आला. दाजींनी कापायला घेतलं. पत्र्यावर दुसऱ्या टोकाकडून लालभडक रेघ सरसर येऊ लागली. "आज गड्याला भलताच जोर चढलाय," दाजी पुटपुटले.

"दाजी, मला सोडून सुरुवात केलीत होय?"

मेहुणा मागे उभा होता, हातात चहाची किटली घेऊन.

दाजींनी कटर विझवला. समोरची रेघ थांबली नाही. ती त्यांच्या रेघेला येऊन मिळाली, आणि सुटलेला पत्रा आतून कुणीतरी हळूहळू बाहेर ढकलू लागलं.