खालची ओळ

अकोल्याच्या दवाखान्यात माझ्यावर नव्या औषधाची, फॉस्फोलिपिडची म्हणे, चाचणी चालू आहे. डोळ्याचा पडदा झिजायचा हा रोग नातीलाही आहे, पण लहान म्हणून तिला घेतलं नाही. मग वर्षभर माझ्या कॅप्सूल तिलाच चारल्या आणि दर महिन्याला रिकामी डबी दाखवून भरलेली आणली. आता ती दिवेलागणीला चौकटीला धडकत नाही. आज डॉक्टरनं मला चिन्हांच्या पाटीसमोर बसवलं. वरचं मोठं चिन्हही दिसेना. “आजी, फरक नाही. तुमचं औषध बंद करू.” “काहून रे, तुह्या बापाचं हाय का?” “कॅप्सूल रोज घेता ना?” खरं सांगावं तर नातीचं औषध जातं, गप्प बसावं तरी जातंच. तेवढ्यात सोबत आणलेली नात मागून ओरडली, “आजी, मले खालची ओळ बी दिसून राहिली!” डॉक्टरनं डबीसाठी हात पुढं केला. मी डबीवरची मूठ सोडली नाही.