पावलापुरती फरशी

या बागेतून दुसरीला दोन गोष्टी मिळणार होत्या: पाण्यावाचून जगणारी झाडं आणि नवऱ्याच्या पावलांचा आवाज. पहिलीला काय मिळणार, हे विचारायचं मात्र दुसरीच्या डोक्यात आलं नाही.

दोघींचा नवरा एकच. पहिलीचा होता, दुसरीचा आहे. पहिलीचा धंदा बागा आखून देण्याचा. गावात आणखीही बागवाले होते, पण हिलाच बोलावण्यात दुसरीला जरा गंमत वाटली होती.

"तुमच्या वेळी इथे हिरवळ होती ना, ताई?" मागच्या दाराच्या पायरीवर बसून दुसरीने विचारलं. "काय मऊ होती! चपला हातात घेऊन मी त्या फाटकातून यायचे. तुम्ही इथेच, स्वयंपाकघरात. कधी चाहूल लागली?"

"नाही लागली." पहिली घायपाताच्या बुडाशी खडी सारत राहिली.

"म्हणून तर खडी. मांजर गेलं तरी कळलं पाहिजे."

"कळेल. चार बोटं जाड टाकलीय."

दुसरीचा असा कुणाच्या शब्दावर विश्वास नव्हता. "अहो, जरा फाटकापर्यंत जाऊन या!" असं म्हणून ती आत जाऊन ओट्याशी उभी राहिली. नवरा चहाचा कप घेऊन निघाला. करकर, करकर. दुसरी हसत बाहेर आली.

"दोन बायकांनी मिळून केलेलं काम," तो म्हणाला, "त्यात माझी सोय कुठली असायला!" आणि पहिलीकडे न बघता आत गेला.

मग दुसरी स्वतः ऐटीत फाटकाकडे निघाली. तिसऱ्याच पावलाला टाच रुतली.

"शी! सँडल गेली माझी. यावरून माणसाने जायचं कसं?"

"फरशा बसवता येतील," पहिली म्हणाली. "दारापासून फाटकापर्यंत, एकेक पावलापुरती. बाकी खडी आहे तशीच."

"बसवा बाई. आजच बसवा."

फरशांमधलं अंतर ठरवायला पहिलीने टेप काढली नाही. ती नुसती ढांगा टाकत गेली. तिच्या उंचीला न शोभणाऱ्या, लांबलचक. बारा वर्षं ज्याच्या शेजारून धावत चालली, त्याची ढांग तिला पाठ होती. जिथे पाय पडला, तिथे फरशी.

दुसरीने चालून पाहिलं. दर फरशीला उडी मारावी लागत होती. "जरा लांबच पडतात हो. पण टाच वाचली!"

संध्याकाळी दुसरी खिडकीकडे पाठ करून ओट्यावर पैसे मोजत होती. पहिलीचं तोंड खिडकीकडे होतं. बाहेर तो फोन कानाला लावून निघाला होता. मान खाली न घालता, एका फरशीवरून दुसरीवर. फोनवर कुणाशी तरी गालातल्या गालात हसत होता. फाटक त्याने हलकेच लोटलं.

"किती शांत वाटतं ना आता?" दुसरी म्हणाली.

"फार." पहिलीने पिशवी उचलली. "फरशांचे नका देऊ. त्या माझ्याकडून."

"छे छे, ताई! माझ्यासाठी बसवल्यात, तर त्यांचे पैसे मीच भरणार."