स्लॅब पुरा होईपर्यंत

"घमेली थांबवू नका!" सांगी ओरडली. "मध्ये खंड पडला तर सांधा गळत राहील."

पोरापोरींची रांग पुन्हा हलली. डोंगरउतारावरच्या झऱ्याशी नवा हौद उभा होता आणि त्याचा स्लॅब निम्मा पडला होता. युवक मंडळाचं एवढं मोठं काम सांगीच्या हाती पहिल्यांदाच आलेलं. पण तिचे कान मात्र चर्चजवळच्या भोंग्याकडे लागले होते.

मिझोरामच्या त्या गावात भोंग्यावरून कुणी गेल्याची बातमी आली, की तरुणांनी हातातलं काम टाकून कबर खणायला निघायचं. कुणाला सांगावं लागत नाही. गेल्या खेपेला असंच झालं. कालवलेला माल जागच्या जागी दगड झाला आणि निम्मा स्लॅब फोडून काढावा लागला. तेव्हा सगळ्यांत आधी कुदळ उचलली ती सांगीनेच. त्याचं तिला वाईट वाटलं नव्हतं. पण नव्या सिमेंटसाठी घरोघरच्या बायकांनी पुन्हा रोजच्या रांधण्यातून मूठमूठ तांदूळ बाजूला काढून विकायला दिला होता. आता तिसऱ्यांदा त्यांच्यापुढे कुठल्या तोंडाने जायचं?

आणि हौदाला लागूनच म्हाताऱ्या थांगसेइयाचं घर. आत त्याची बायको कापी अंथरुणाला खिळलेली. काल सांगी भेटायला गेली तेव्हा तिने नुसताच हात धरून ठेवला होता. आज सकाळपासून सांगी मनात एकच प्रार्थना करत होती, आजचा दिवस नको. तिला स्वतःची लाज वाटत होती, तरी प्रार्थना काही थांबत नव्हती.

"अजून चहा नाही," घमेलं पुढे देत रेमा कुरकुरला. "ज्याच्या दारात काम, त्याचा चहा. या म्हाताऱ्याने तर चूलच पेटवलेली नाही. साखर वाचवतोय!"

पोरं खिदळली. तेवढ्यात दार उघडलं. थांगसेइया बाहेर आला आणि त्याने दार पाठीमागे ओढून घेतलं.

"दात काय काढताय? किती राहिलंय?"

"थोडंच, पु," सांगी म्हणाली. वडीलधाऱ्या पुरुषांना गावात 'पु' म्हणत. "आजी कशा आहेत? मी जरा आत येऊन..."

"काही नको. झोपलीय. तुम्ही हात चालवा."

सांगीला राग आला. आजाऱ्याच्या दारातून कुणाला परत पाठवायची या गावाची रीत नव्हती. मागून शेजारीण वाटीभर गरम पेज घेऊन आली, तिलाही त्याने उंबऱ्यावरच वाटी घेऊन वाटेला लावलं.

अचानक भोंगा खरखरला. रांग जागच्या जागी थिजली. रेमाच्या हातातलं घमेलं तसंच अधांतरी राहिलं. सांगीने दाराकडे पाहिलं. म्हातारा शांतपणे उभा होता.

"कुणाचं तरी डुक्कर चर्चच्या वाफ्यात शिरलंय. ज्याचं असेल त्याने घेऊन जावं."

सगळे मोठ्याने हसले, जरा जास्तच. रांग झपाट्याने चालू लागली. उन्हं कलता कलता शेवटचं घमेलं रिकामं झालं. सांगीने फळी फिरवून पृष्ठभाग सारखा केला, ओली पोती अंथरली आणि मटकन खाली बसली. झालं एकदाचं. म्हातारीने दिवस निभावून नेला म्हणून तिने मनातल्या मनात तिचे आभार मानले.

थांगसेइया सावकाश उतरून हौदाशी आला.

"कुठे सांधा राहिला नाही ना?"

"नाही, पु. सगळा एकसंध झालाय."

त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"मग आता भोंग्यावर सांगायला माणूस पाठव, पोरी. पहाटेच गेली ती."