आखाजीचा पहारा

जीवरामने जाळं ओट्यावर टाकलं. बारीक, पांढरं, सावलीत दिसूही नये असं. त्यात फुलपाखराचा एक तुटका पंख अडकून राहिला होता.

"हे पाय. तुह्या आईच्या नाल्यावर बांधलं होतं कोणी तरी."

रूपाली सांजोऱ्या लाटत होती. आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, ती कालच नशिराबादहून माहेरी आली होती. तिने जाळ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

"फेकून द्या ना, आबा. सणाच्या दिवशी ते घरात काहून आणलं?"

"एक आणलं, दुसरं तिथंच राहू दिलं. ते काढायला येईनच तो. आज सारं गाव आमरस खाऊन झोपणार. त्याले याच्यापेक्षा चांगला दिवस कोणता?"

"आई गेल्यावरची पहिली आखाजी आहे. आन तुम्ही नाल्यावर जाऊन बसणार?"

"तिच्या नावाची घागर सकाळीच भरली मी. आता तिच्या जागेवर पहारा नको?"

सुनंदाबाई दिवाळीच्या आधी काविळीने गेली. अंगात त्राण होतं तोवर तिने नाल्यावर जाणं सोडलं नाही. सावद्याच्या व्यापाऱ्याने नाकारलेली केळी ती काळी पडेपर्यंत ठेवायची, मग टोपली भरून सातपुड्याच्या पायथ्याशी न्यायची. सडक्या केळ्यांवर फुलपाखरं बसतात हे जीवरामला तिच्याकडूनच कळलं. तो सोबत निघाला की ती हात धरून परत बसवायची. "तुम्ही खोकलता. बुजतात ती."

"मले कधी एवढं गोड खाऊ घातलं का?" तो चिडवायचा.

"तुम्हाले पंख फुटले की घालीन," ती म्हणायची.

ती गेल्यावर टोपली त्याने उचलली. म्हातारा खुळावला असं गाव म्हणालं. म्हणू दे. तिथे बसलं की घरातल्यासारखं रिकामं वाटत नसे.

मग वाळूत तुटके पंख दिसू लागले. वनरक्षक सारिकाने त्याला सांगितलं की ही फुलपाखरं मारून वाळवतात, परदेशात पाठवतात, तिथले शौकीन काचेच्या चौकटीत लावतात. जेवढं दुर्मिळ, तेवढा भाव. त्या दिवशी त्याला भाकर गोड लागली नाही.

तो टोपली घेऊन उठला तेव्हा रूपालीचं लाटणं थांबलं.

"डॉक्टरनं उन्हात चढू नका सांगितलं आहे."

"हे काळीज तुह्या आईनंच वाचवलं, पोरी. बोदवडला आपल्या भावांपुढं हात पसरले तिनं, तवा ऑपरेशन झालं. तिच्यासाठी एक दुपार बसलो तर मरत नाही मी."

"आबा, नका जाऊ." तिचा आवाज फाटला. "गेली ती. आता राहू द्या ना ते सगळं."

आईवाचूनचा सण, पोरीला भरून आलं असेल, असं त्याला वाटलं. तिच्या डोक्यावर हात ठेवून तो बाहेर पडला.

नाल्यावर सारिका पळसाच्या आड बसली होती. त्याने केळी खडकावर ओतली आणि तिच्याजवळ येऊन टेकला.

"आबा, खोकू नका हं."

"तुहा बूट चमकून राहिला, तो झाक आधी."

थोड्या वेळाने फुलपाखरं येऊ लागली. एक गडद रंगाचं, मधोमध फिकट हिरवा पट्टा.

"नवाब आहे ते," सारिका कुजबुजली.

"नवाब असो का भिकारी. माह्या सुनंदाचं आहे."

माणूस चढणीवरून आला. किरकोळ बांधा, डोक्याला टोपी, खांद्याला कापडी पिशवी. वाट शोधत नव्हता, इकडेतिकडे बघत नव्हता. सरळ जाळ्याकडे गेला. अडकलेलं फुलपाखरू काढलं, दोन बोटांत त्याची छाती दाबली आणि कागदाच्या घडीत ठेवलं.

जीवरामला राहवलं नाही. त्याने धावत जाऊन त्या माणसाच्या कानाखाली लगावली. सारिकाने मागून येऊन चोराचं मनगट धरलं.

"नाव?"

"सुकदेव. धुळ्याना शे मी, बाई." तो गाल चोळत म्हणाला. पळायचा विचार त्याच्या तोंडावर दिसत नव्हता. "येवढं मारानं काय काम? पाखरंच तं शेतस."

"पाखरं?" जीवरामला धाप लागली. सदऱ्याचं बटण तुटलं होतं. "माह्या सुनंदाची जागा आहे ही! लेकरासारखं खाऊ घातलं तिनं यांना. आज ती जिवंत असती तर तुहे हात तोडले असते तिनं."

सुकदेवने मान वर केली.

"जिवंत असती तर?"

"दिवाळीच्या आधीच गेली ती."

सुकदेवच्या खांद्यावरून पिशवी घसरली. ती त्याने उचलली नाही. डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

"म्हनीसन फोन लागत नव्हता," तो स्वतःशीच बोलला.

"कोणाचा फोन?" सारिकाने त्याचा हात हिसडला. "ही जागा तुला कोणी दाखवली?"

त्याने तिच्याकडे पाहिलंच नाही. तो जीवरामच्या उघड्या छातीवरचा टाक्यांचा लांब व्रण बघत होता.

"आबा, बोदवडना भाऊस्नी ऑपरेशनले एक रुपया बी दिन्हा नव्हता," तो शेवटी म्हणाला. "माले जाळं बांधाले सुनंदाअक्कानीच शिकाडं."