शरयूची समीक्षा

दिगंबर कुलथ्यांनी डोक्याला स्मृतियंत्राची पट्टी बांधली आणि समोरच्या भिंतीवर त्यांची आठवण उमटली. लग्नानंतरची पहिली दिवाळी, टीव्हीवर मोटारींच्या शर्यतीचा गेम आणि जॉयस्टिक घेऊन बसलेली शरयू. ती जाऊन वर्ष झालं होतं. ती हसणार, तेवढ्यात भिंत काळी झाली आणि अक्षरं उमटली, ‘गेमचे हक्क राखीव. फक्त समीक्षेसाठी पाहता येईल.’

“मग करा की समीक्षा, बाबा,” लेक मृणाल म्हणाली. “बोलत राहिलात की आठवण चालू राहते. नावं ठेवण्यात तुमचा हात कोण धरणार?”

दिगंबररावांनी सुरुवात केली. झाडं पुठ्ठ्याची, मोटारींचा आवाज पिठाच्या गिरणीचा. आठवण सुरळीत चालली, पण त्यांच्या बडबडीत शरयूचं हसणं बुडून जात होतं. ऐकायला गप्प बसावं, तर भिंत काळी.

शेवटी त्यांचं बोलणंच थांबलं. भिंत काळवंडू लागली. तेवढ्यात आठवणीतली शरयू जॉयस्टिक आपटून करवादली, “कसला मेला हा गेम! गाडी वळतच नाही!”

भिंत लख्ख उजळली. ‘समीक्षा मान्य.’

मग शरयू खदखदून हसली आणि पुन्हा गेमचे वाभाडे काढू लागली. दिगंबरराव आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या मध्ये बोलले नाहीत.