अहो आणि अरे

"हात दाखव," थोरली म्हणाली.

"चहा गाळतेय ना ताई."

"गाळणं ठेव खाली. हात दाखव."

धाकटीने दाखवला नाही. थोरलीने तो ओढून घेतला आणि बाही वर सारली. मनगटाभोवती दोराचा वळ होता. दोराचा पीळही दिसावा इतका स्वच्छ.

"कालचा आहे," थोरली म्हणाली. "उद्या हिरवा पडेल."

"तू कधीपासून डॉक्टर झालीस?"

"थट्टेवारी नेऊ नकोस."

संशय आला होता तो फोनवर, एका शब्दावरून. धाकटी छापखान्यात सुपरवायझर. तिने हाक मारली की भलेभले मशीन बंद करून उभे राहायचे. नवऱ्याला लग्नाच्या दिवसापासून अरे-तुरे. सासूने तोंड वाकडं केलं तेव्हा, "मग तुम्हीच म्हणा त्याला अहो," असं सुनावणारी ही बाई. आणि गेल्या महिन्यात फोन ठेवता ठेवता पलीकडून थोरलीच्या कानावर पडलं: "अहो, आता बसू का?"

बसायलाही परवानगी!

थोरली स्वतः आयुष्यभर अहोच म्हणत आली होती, पण तिची गोष्ट वेगळी. तिचं वळणच तसं. वाघीण शेपूट घालते तेव्हा मात्र कुणीतरी चाबूक उगारलेला असतो.

म्हणून आज ती दातांच्या डॉक्टरकडे जाते असं घरी सांगून निघाली होती. मनात एकच. धाकटीला घेऊनच इथून बाहेर पडायचं.

धाकटीचा नवरा रंगारी. उंच उंच इमारतींना दोरावर लटकून रंग देणारा. तो दूध आणायला गेला होता, तेवढ्यात थोरलीने आतली खोली पाहून घेतली. छताला लोखंडी कडी. भिंतीवर दोरांची वेटोळी. शेजारी खिळ्याला कात्री.

"त्याच्या कामाचं सामान आहे ते," धाकटी म्हणाली.

"कामाचे दोर रंगाने माखलेले असतात. हे धुऊन, मऊ करून ठेवलेत. मला शेंड्या लावू नकोस."

थोरलीचा फोन वाजला. ती झटकन उठून उभी राहिली.

"हो... नाही, नंबर लागायचाय अजून. हो, एकटीच आहे. हो, निघतेच."

"भाऊजी?"

"ह्यांना जेवण गरम लागतं." तिने फोन पर्समध्ये टाकला. "कपडे भर. तो यायच्या आत."

पण तो आलाच. दुधाची पिशवी हातात, चपला काढता काढता. "ताई! अहो, कळवायचं तरी!" मग त्याला धाकटीची वर सारलेली बाही दिसली.

थोरली दोघांच्या मधे उभी राहिली. "हिला मी घेऊन चाललेय. आडवे आलात तर पोलिसांत जाईन."

रंगारी थोरलीशी बोललाच नाही. त्याने बायकोला विचारलं, "सांगायचं का?"

"मी सांगते. तू जरा खाली जाऊन ये."

तो गेला. दूधही हातातच घेऊन गेला. थोरली दाराकडे बघत राहिली. जा म्हटलं आणि पुरुष गेला.

"बस," धाकटी म्हणाली. "हो, तो मला बांधतो. हुकूम सोडतो, मी ऐकते. मला आवडतं ते."

"बांधून घ्यायला आवडतं? अक्कल गहाण टाकलीस का?"

"दिवसभर मी लोकांना नाचवते, ताई. घरी थोडा वेळ दुसऱ्या कुणी सांगावं, ऊठ, बस. मीच मागितलं त्याच्याकडे. हात थरथरायचे त्याचे पहिल्यांदा. इमारतीवर लटकताना नाही थरथरत, बायकोला बांधताना थरथरतात! काय चालेल, काय नाही, ते आम्ही दोघं आधी ठरवतो. झाल्यावर तोच हाताला तेल चोळत बसतो."

"आणि मधेच नको झालं तर? रंगात आलेला पुरुष थांबतो होय?"

"नको म्हटलं तर नाही थांबत. नको हे खेळातलंच."

"बघ! हेच म्हणत होते मी!"

"ऐक तरी. तेवढा वेळ मी अहो म्हणते. तोंडातून अरे निघालं की खेळ तिथेच संपला. गाठ सुटत नसेल तर कात्री." धाकटीला हसू आवरेना. "परवा पायात गोळा आला. मी आपली सवयीने म्हणाले, अरे देवा! ह्याने नवाकोरा दोर कापून टाकला. मी म्हटलं, बाबा, देवाला म्हणाले, तुला नाही!"

थोरली हसली नाही.

फोन पुन्हा वाजायला लागला. तिने पर्स उघडली नाही.

"अरे म्हटलं की लगेच थांबतो?"

"लगेच."

"रागवत नाही?"

"रागवेल कशाला? त्यासाठीच तर ठेवलाय तो शब्द."

फोन थांबला. परत वाजला. धाकटी म्हणाली, "घे ना. भाऊजी काळजी करत असतील."

थोरलीने फोन काढला, हातात धरला आणि बंद करून टाकला. मग लहान बहिणीकडे न बघता म्हणाली, "मीही म्हटलं होतं एकदा, अरे. लग्नाला महिना झाला होता. तेव्हापासून ह्या डाव्या कानाने ऐकू येत नाही. त्याला वर बोलव. विचार, मला ठेवून घ्याल का."